'सी माय फ्रेंड्स' आणि मुंबईच्या कोळ्यांची हाळी : लंडनच्या गाण्यात नेमकं काय पोचलं?

रानजाई

नमस्कार मंडळी,

दोन आठवडे एकच गाणं कानात घर करून बसलंय. 'द किंक्स' या लंडनच्या रॉक बँडचं 'सी माय फ्रेंड्स'. ३० जुलै १९६५ रोजी इंग्लंडमध्ये त्याची सिंगल तबकडी निघाली आणि तिथल्या विक्रीच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत चढली. गाणं तीन मिनिटांचंही नाही. सुरू होतं तेच गिटारच्या एका झणझणत्या, ताणलेल्या स्वरानं, आणि तो स्वर पुढे सुटतच नाही. वर कॉर्ड बदलत राहतात, तळाशी तो तसाच. त्यावर बँडचा गायक रे डेव्हिस नाकातून, झोप न झालेल्या माणसाच्या आवाजात गातो. शब्द थोडेच. ती गेली, मित्र नदीपलीकडे खेळताहेत. फिरून फिरून तेच.

इथे धागा काढायचं कारण असं, की हे गाणं मुंबईत रुजलं. जानेवारी १९६५मध्ये किंक्स ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघाले होते. तेव्हाची विमानं लंडनहून तिकडे एका दमात जात नसत, त्यामुळे मुंबईत मुक्काम पडला. हॉटेल समुद्राकाठी. रे वीस वर्षांचा, लग्नाला जेमतेम महिना झालेला. पहाटे जाग आली तेव्हा जाळी घेऊन कामाला निघालेल्या कोळ्यांचा एकसुरी आवाज त्याच्या कानी पडला. तो आवाज त्यानं बरोबर नेला. पुढे मुलाखतींमध्ये ही आठवण त्यानं स्वतः सांगितली आहे.

आता माझा प्रश्न. त्या कोळ्यांकडून गाण्यात नेमकं काय आलं? मी कोळीगीतं ऐकत वाढले. ठेका, उसळी, 'गो' आणि 'रे' ची फेक, यातलं या गाण्यात काहीच सापडत नाही. मग चाल आली का? लय आली का? मला वाटतं चाल नाही, ओढ आली. दोर ओढताना आवाज जसा ताणला जातो, तशी. पण हे मी कुलाब्याच्या तिसऱ्या मजल्यावर बसून म्हणतेय. ज्यांना जाळ्याची, गिटारची, त्या काळाची माहिती आहे त्यांनी लिहा.

---

नाना_गिटारवाले

रानजाई, फार दिवसांनी माझ्या आवडीचा विषय निघाला. पस्तीस वर्षं गिटार वाजवतोय, म्हणून आवाजाबद्दल लिहितो.

पुष्कळ लोक शपथेवर सांगतात की या गाण्यात सतार आहे. सतार नाही. बारा तारांची गिटार आहे. बारा तारांच्या गिटारमध्ये तारा जोडीनं असतात. जोडीतल्या दोन तारा शंभर टक्के जुळत नाहीत, म्हणून स्वराला एक थरथर येते. त्यात ती गिटार अँप्लिफायरच्या जवळ नेली की स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा तारांना हलवतो, तार आणखी वाजते, आवाज पुन्हा वाढतो. यालाच फीडबॅक म्हणतात. वर स्टुडिओत तो आवाज कंप्रेसरनं दाबला, की छेडल्याचा ठोका आणि मागची आस एकाच उंचीवर येतात. म्हणून तो स्वर संपतच नाही असं वाटतं.

हे रे आणि डेव्ह या भावांच्या रक्तातच होतं. १९६४च्या 'यू रिअली गॉट मी'साठी धाकट्या डेव्ह डेव्हिसनं आपल्या छोट्या अँप्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडनं चिरला आणि तो फाटका आवाज मिळवला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

तारखाही बघा. बीटल्सचं सतारवालं पहिलं गाणं 'नॉर्वेजियन वुड' डिसेंबर १९६५मध्ये आलं. किंक्स त्याआधी चार महिने. यार्डबर्ड्स या दुसऱ्या बँडनं त्याच वर्षी एका गाण्यासाठी सतारवादक बोलावला होता, पण शेवटी त्यांच्या जेफ बेकनं ती जागा गिटारवर काढली. हवा सगळीकडे तीच होती. 'द हू' बँडच्या पीट टाउनशेंडनं मात्र आधाराच्या स्वराचा खरा वापर पहिल्यांदा किंक्सनी केला, असं श्रेय मोकळेपणानं दिलंय.

---

अनाहत

नाना, माहितीबद्दल आभार. एका गोष्टीवर मात्र थांबावंसं वाटतं. या गाण्याला पुस्तकांतून 'राग रॉक'चा, म्हणजे भारतीय संगीताच्या वळणानं जाणाऱ्या रॉकचा, आरंभ म्हणतात. ते मला पटत नाही. रागात स्वर हळूहळू उलगडतो, वाट काढतो, वर जाऊन परत येतो. इथे चाल तीन-चार स्वरांच्या अंगणात घुटमळते आणि तिथेच राहते. हा दोष नाही, हेच तिचं बळ आहे. पण मग हिचा संबंध मैफिलीशी लावू नका. उगम किनाऱ्यावरचा आहे, दरबारातला नाही.

एक साम्य मात्र खरं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात, त्यानं स्वराला गुंजन येतं. नाना म्हणतात ती थरथर ऐकताना मला क्षणभर नीट जवारी लागलेला तंबोराच आठवला. त्या पोरांना जवारी शब्द माहीत नसेल, कानाला मात्र कळलं होतं.

---

ताम्हण

तंबोऱ्यापर्यंत कशाला जायचं? तुणतुणं घ्या. पोवाड्यात शाहिराच्या मागे उभा राहून एक माणूस तासभर एकच तार छेडत असतो, त्याच्याकडे कुणाचं लक्षही नसतं. तो थांबला की सगळं ओकंबोकं होतं. गोंधळ्यांचं तुणतुणं तसंच, भजनातली एकतारी तशीच.

आणि या सगळ्यांच्या आधी जातं! माझी आई पहाटे दळायची तेव्हा जात्याची घरघर हाच आधारस्वर असायचा आणि ओवी त्याच्यावर तरंगायची. दगड जड झाला की ओवीही ताणली जायची. रानजाईताई 'ओढ' म्हणतात ते मला लगेच कळलं ते यामुळे. कामाचा आवाज तळाशी आणि माणसाचा आवाज वर.

---

चिंचपोकळी

जात्याला अनुमोदन. वाचनखूण साठवली आहे.

---

सातासमुद्रापार

मी उत्तर लंडनमध्ये एकोणीस वर्षं राहतो. मझवेल हिल इथून बसनं वीस मिनिटं. डेन्मार्क टेरेसवरचं डेव्हिस कुटुंबाचं घर अगदी साधं आहे, रस्त्याला लागून. सहा मोठ्या बहिणी आणि मग हे दोघे भाऊ. शनिवारी रात्री पुढच्या खोलीत पियानोभोवती सगळं घर जमायचं, आल्यागेल्यासकट गायचं. लोकसंगीत म्हणजे काय हे या मुलांना कुणी शिकवायची गरज नव्हती, ते त्यांच्या घरात दर आठवड्याला होत होतं.

आता जे लिहितो त्यासाठी गाणं पुन्हा ऐका. रेची एक मोठी बहीण रेनी. लग्न होऊन कॅनडात गेली होती, परत आली. हृदय दुबळं होतं, नाचायला मात्र फार आवडायचं. जून १९५७मध्ये रेच्या तेराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तिनं त्याला गिटार आणून दिली. त्या रात्री ती लिसियम या नृत्यगृहात नाचायला गेली आणि नाचता नाचता कोसळून वारली. दुसऱ्या दिवशी त्याचा वाढदिवस होता.

दुसरी बहीण रोझी. ती आणि तिचा नवरा १९६४ साली ऑस्ट्रेलियाला कायमचे निघून गेले. म्हणजे मुंबईत उतरलेला तो वीस वर्षांचा मुलगा त्याच रोझीच्या देशाकडे चालला होता. हे कळल्यापासून 'ती गेली' हे शब्द मला साध्या प्रेमभंगाचे वाटत नाहीत. आपल्याकडे नदीपलीकडे, पैलतीरी कोण असतं हे मराठी माणसाला सांगायला नको.

---

रानजाई

हे मला माहीत नव्हतं. मी आत्ता परत ऐकलं आणि मध्येच बंद केलं.

---

केतकी_पिवळी

सातासमुद्रापार यांनी फार मोलाचं लिहिलं. त्याला जोडून दुसरा अर्थही नोंदवते, कारण तोही तितकाच खरा आहे. बाई गेल्यावर पुरुष मित्रांकडे वळतो, असा या गाण्याचा रोख आहे आणि त्यात पुरुषाला पुरुषाबद्दल वाटणाऱ्या ओढीची छटा आहे, हे रे डेव्हिस स्वतः बोलला आहे. १९६५मध्ये इंग्लंडमध्ये असा संबंध हा गुन्हा होता. कायदा बदलला तो १९६७ साली. अशा काळात लोकप्रिय बँडच्या गाण्यात ही गोष्ट अर्ध्या उजेडात ठेवून म्हणणं याला धीर लागतो. पलीकडचा काठ हा माझ्या मते मृत्यूचाही आहे आणि मनाई असलेल्या प्रेमाचाही. एक अर्थ निवडायची सक्ती नाही.

इंग्लंडमधल्या तबकडीवर नाव एकवचनी छापलं होतं, 'सी माय फ्रेंड'. छपाईचा घोळ, पण मला तो घोळही आवडतो.

---

सडेतोड_सातारकर

सगळ्यांचं वाचलं. छान लिहिताय. पण एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. गाण्यावर नाव कुणाचं? रे डेव्हिसचं. मानधन कुणाला? त्यालाच. ज्यांच्या आवाजानं हे सुचलं त्यांचं नाव, गाव, वाडा काही नाही. ते 'मुंबईचे कोळी' म्हणून एका वाक्यात येतात आणि जातात. गोऱ्या माणसाला पहाटे जाग आली हा इतिहास झाला. पहाटे तीनला उठून समुद्रावर गेलेल्या माणसाचा इतिहास कुठे आहे?

---

सातासमुद्रापार

सातारकर, राग समजतो. पण या माणसानं उगम लपवला नाही, हेही लिहायला हवं. त्या काळी अनेकांनी दुसऱ्यांची चाल उचलली आणि चकार शब्द काढला नाही. यानं चाल उचललेलीही नाही आणि कोळ्यांचं नाव मात्र वारंवार घेतलंय.

---

सडेतोड_सातारकर

मान्य. त्याच्यावर माझा आरोप नाही. माझं म्हणणं आपल्याबद्दल आहे. तो आवाज साठ वर्षं लंडनच्या तबकडीत जपला गेला. आपण इथे राहून त्यातलं काय जपलं?

---

बोरीबंदर

वातावरण जरा हलकं करतो. ज्या भावंडांबद्दल आपण इतकं गंभीर बोलतोय ती भयंकर भांडकुदळ होती. मे १९६५मध्ये कार्डिफला ऐन कार्यक्रमात डेव्हनं ड्रमवाल्या मिक एव्हरीचे ड्रम लाथेनं उडवले आणि एव्हरीनं झांजेचा स्टँड त्याच्या डोक्यात घातला! डेव्ह रक्तबंबाळ, एव्हरी पसार. पुढे अमेरिकेच्या दौऱ्यात इतकी भांडणं झाली की तिथल्या वादक संघटनेनं १९६९पर्यंत त्यांना परवानगीच दिली नाही. अशा चौघांना एका जाळ्याला जुंपलं असतं तर जाळं चार दिशांना गेलं असतं!

---

नाना_गिटारवाले

बोरीबंदर 😄 पण त्या बंदीचं एक फळ चांगलं निघालं. अमेरिका बंद झाली आणि रेचं लक्ष घराकडे वळलं. इंग्लंडमधली गल्ली, चहा, नदी, पूल यांवरची त्याची उत्तम गाणी त्यानंतरची आहेत. १९६६चं 'फॅन्सी'ही ऐका. मुंबईचा तो धरलेला स्वर तिथे पुन्हा भेटतो.

---

रापणकार

मी मालवणचो. रापणीच्या काठावरच मोठो झालंय, म्हणून लिहितंय. पुढचा सगळ्यांना कळावं म्हणून शुद्धात लिहितो.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ मारते, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर. मग प्रत्येक दोराला पंधरा-वीस माणसं लागतात आणि जाळं वाळूत येईपर्यंत ओढतात. एक-दोन तास सहज जातात. शेवटी मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. बाहेरून कुणी येऊन हात लावला तरी त्याला मूठभर मासळी मिळते.

आता आवाजाचं. एक जण हाळी देतो, बाकीचे एकदम जोर लावताना ओ देतात. हाळी म्हणजे गाणं नाही. कधी देवाचं नाव, कधी कुणाची चेष्टा, कधी नुसता हुंकार. गंमत अशी, की ओढायचा जोर 'ओ'वर येतो. हाळीवर श्वास घ्यायचा. आमचे बापूस म्हणायचे, "आवाज बंद झालो काय दोर जड जाता." आता पर्ससीन या मोठ्या घेराच्या जाळ्यांच्या बोटी मासळी बाहेरच्या बाहेर उचलतात. रापणी कमी झाल्या, तसा आवाजही कमी झाला. गोव्यातल्या रापणकारांची गोष्ट वेगळी नाही.

रानजाई, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर : गाणं लावून मी डोळे मिटले तर तो सलग स्वर मला ताणलेल्या दोरासारखा वाटला. ओला दोर ताणला की तोही बारीक वाजतो.

---

शब्दखुळी

रापणकारांनी 'हाळी' म्हटलं आणि माझं डोकं त्या शब्दाला अडकलं. रे डेव्हिसच्या मुलाखतींत 'चँट' हा शब्द येतो. इंग्रजीत त्या एका पोत्यात केवढं भरलंय बघा. देवळातलं मंत्रपठण चँट, नामजप चँट, मोर्चातल्या घोषणाही चँट. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. जप, घोष, आरोळी, पुकारा, हाळी. मला वाटतं यामुळेच पाश्चात्त्य लेखकांची गफलत झाली. 'चँट' वाचलं, भारत वाचलं, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे साधू आला. बिचारा कोळी घामाघूम होऊन दोर ओढत होता.

---

वल्हे_आणि_होकायंत्र

मी तीस वर्षं व्यापारी जहाजांवर होतो. शब्दखुळी यांचा मुद्दा पुढे नेतो. हाळी आणि ओ हा प्रकार इंग्रजांनाही नवा नव्हता. शिडाच्या जहाजांच्या काळात त्यांच्या खलाशांची 'शँटी' गाणी होती. एक जण ओळ टाकायचा, बाकीचे ध्रुपद म्हणत दोर खेचायचे. कामाप्रमाणे गाणं बदलायचं. शीड चढवायला झटक्याची गाणी, नांगर उचलायला फिरत्या चालीची सलग गाणी. वाफेची यंत्रं आली आणि ती गाणी कामातून उठली.

तेव्हा मला असं दिसतं की मुंबईला त्या मुलानं परकं काही ऐकलं नाही. त्याच्या स्वतःच्या देशात जे कामातून संपलं होतं, ते इथे अजून कामात जिवंत होतं. म्हणून ते इतकं आत गेलं.

---

ताम्हण

काका, हा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला.

---

सुकट_प्रेमी

अवांतर : जानेवारी म्हणजे वाळवणाचे दिवस. हॉटेल खरंच किनाऱ्याला असेल तर साहेबाला हाळीच्या आधी बोंबलाचा वास आला असणार! त्याच्यावर गाणं यायला हवं होतं. भूक लागली, जातो.

---

अनाहत

सुकट_प्रेमी, जाऊन या आणि परत या 🙂

रापणकार, तुमच्या प्रतिसादानं माझं एक मत बदललं. आधारस्वर हा मी आजवर संगीताचा विषय समजत होतो. हाळीवर श्वास आणि 'ओ'वर जोर, हे कुठल्याही सांगीतिक नियमापेक्षा जुनं असणार.

---

वेसावची_लेक

मी वेसाव्याची. तुम्ही नकाशावर वर्सोवा म्हणता ते. तीन दिवस धागा वाचतेय, आधी लिहावंसं वाटलं नाही, कारण आमच्याविषयी लोक बोलतात तेव्हा आम्ही बहुधा ऐकणारेच असतो. पण सातारकरदादांनी 'आपण काय जपलं' विचारलं, त्यानंतर राहवलं नाही.

आधी एक दुरुस्ती. रापण मालवणची खरी, आमच्याकडे डोल जास्त. डोल म्हणजे मोठं पिशवीसारखं जाळं. प्रवाहात खुंटांना बांधून सोडायचं, पाणी वळायच्या वेळेला उचलायचं. भरती-ओहोटीवर सगळा कारभार, म्हणून आमच्या घरात घड्याळापेक्षा उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) महत्त्वाचे. ओलं भरलेलं डोल होडीत घेताना हाळी लागते. किनाऱ्यावर सगळ्यात मोठी हाळी लागायची ती पावसाळ्याच्या तोंडाला, होड्या वर काढून शाकारायच्या तेव्हा. खाली लाकडाचे ओंडके, वर होडी, आणि दोराला सगळा वाडा. बाया, पोरं, म्हातारे, सगळे. 

१९५०-६०च्या दशकांत होड्यांना इंजिनं बसायला लागली. सुताच्या जाळ्यांच्या जागी नायलॉन आलं, हलकं. आजोबा सांगायचे, इंजिन आल्यावर पहिला महिना सगळे खूष. मग कुणीतरी म्हणालं की होडीवर कोणी बोलतच नाही. बोललेलं ऐकूच जायचं नाही.

माझी आजी आता नव्वदीला टेकली. काल दुपारी तिला हे गाणं मोबाईलवर ऐकवलं. कोणाचं, कुठलं, काही सांगितलं नाही. सुरुवातीचा तो स्वर लागला, ज्याच्यावर तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंय, तंबोरा, जातं, ताणलेला दोर. आजी म्हणाली, "ह्यो तं इंजिनचा आवाज हाय."

मी हसले. मग ती गप्प बसून पूर्ण ऐकत राहिली. इंग्रजीचा एक शब्द तिला कळत नाही. संपल्यावर म्हणाली, "तो हाक मारतंय. पन तेला कोन ओ देत नाय."

---

रापणकार

ताई, आजींना माझा नमस्कार सांगा. एवढं लिहूनही माझ्या हे ध्यानात आलं नाही, गाण्यात ओच राहिला. दोराला हात लावलेल्या माणसालाच हे ऐकू येईल.

---

केतकी_पिवळी

मित्र दिसताहेत, खेळताहेत, पण पलीकडून काहीच येत नाही. आणि आम्ही इतके दिवस शब्दांचे अर्थ लावत बसलो.

---

सातासमुद्रापार

मी हे वाचून बराच वेळ काही लिहू शकलो नाही. माझ्या वडिलांना शेवटचं फोनवरच ऐकलं होतं मी. आजींना दंडवत.

---

रानजाई

मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण मी जे लिहिलं होतं ते मला दुरुस्त करायचंय.

मी म्हटलं होतं, चाल नाही, ओढ आली. ते अर्धंच होतं. किनाऱ्यावर त्या पहाटे दोन आवाज असणार, हाळी आणि ओ. लंडनला त्यातली हाळी पोचली. ओ इथेच राहिला. तेरा वर्षांचा होण्याच्या आदल्या दिवशी ज्याची बहीण गेली, दुसरी बहीण जगाच्या दुसऱ्या टोकाला गेली, त्या मुलानं वीस माणसांची हाळी ऐकली आणि घरी जाऊन एकट्यानं म्हटली. म्हणून तिच्यात आपल्याला कोळीगीताची उसळी सापडत नाही. उसळी ओ देणाऱ्यांची असते.

आणि आजींनी इंजिन ऐकलं, ते मला चूक वाटत नाही. १९६५मध्ये त्या किनाऱ्यावर दोन्ही होतं. नाना, तुमचा अँप्लिफायरही यंत्रच की.

वेसावची_लेक, एक विनंती. आजींना होड्या वर काढतानाची हाळी आठवते का? जमलं तर त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवा. इथे टाकायलाच हवी असं अजिबात नाही. तुमच्या घरात राहू दे.

---

नाना_गिटारवाले

यंत्राचं मान्य! आज संध्याकाळी गिटार काढून तोच स्वर लावून बसलो होतो. बायकोनं आतून ओ दिली.

---

सडेतोड_सातारकर

वेसावच्या ताई, माझ्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मिळालं नसतं.

---

वेसावची_लेक

केलं आज सकाळी. आधी लाजत होती. म्हणाली, बसून हाळी येत नाही, हातात दोर पाहिजे. मग माझ्या पोरानं वाळत घातलेल्या चादरीचं एक टोक तिच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. दीड मिनिटाचं झालंय. हाळी तिची, ओ आमच्या दोघांची. मध्ये एकदा आम्ही ओ चुकीच्या जागी दिली तेव्हा तिनं थांबून पोराला रागावलंय, तेही ठेवलंय तसंच.

पोरगा संध्याकाळी परत चादर घेऊन उभा होता.